दम धरणारं पेट्रोल

७ जानेवारी

वही नवी आहे, लिहिणारी जुनी. गॅरेजच्या काउंटरवर दिवसभर बडबडून तोंड दुखतं, पण मनातलं बोलायला माणूस नाही. म्हणून आजपासून हे. कोणी चोरून वाचलंच तर वाचो बापडा, मी काही कोणाचं घोडं मारलेलं नाही.

आमच्या गिऱ्हाइकांत एक घाईवाला आहे. चहा गरम असतानाच पितो आणि भाजला म्हणून ओरडतो, म्हणून हे नाव. त्याची टर्बोची गाडी चढावर खडखडते. शोरूमवाल्यांनी हात टेकले, तेव्हा आमच्याकडे आला. हे गेल्यापासून गॅरेज भाऊजी बघतात, म्हणजे माझे धाकटे दीर. हात त्यांचे, तोंड माझं, असा आमचा कारभार चालतो.

भाऊजींनी मला शेजारच्या सीटवर बसवलं. "वहिनी, नुसतं ऐका." चढ लागला, गाडीनं जोर धरला आणि बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. माझ्या अंगावर काटाच आला.

"पेट्रोलला दम धरवत नाहीये," भाऊजी म्हणाले. टर्बो म्हणजे एक पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. दाब वाढतो, आतली उष्णता वाढते आणि हलकं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपल्या मनानं पेट घेतं. पिस्टन वर येतोय आणि वरून हातोडा बसतोय, असा प्रकार. असं चालत राहिलं तर एक दिवस पिस्टन फुटतो. लोकांना वाटतं जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद. तसं नाही. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली गप्प राहायचा गुण.

मग त्यांनी टाकीत एक बाटली ओतली. रसायनवाल्याकडून काहीतरी आणून त्यांनी स्वतः मिसळलं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला नवं पेट्रोल ओळखायला थोडा वेळ लागतो म्हणे, म्हणून चकरा मारत राहिलो. आणि मग त्याच चढावर आवाज बंद! गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. घाईवाल्यानं भाऊजींना मिठीच मारली.

घरी येताना मी म्हटलं, "भाऊजी, हे बाटलीत भरून विकायचं."

"वहिनी, मी मेकॅनिक आहे. दुकानदार नाही."

"विकायला तुम्हाला कोण सांगतंय? ते तोंड माझं."

शोरूमवाल्यांनी स्वतःचं वर्कशॉप काढल्यापासून आमच्याकडे माश्या मारायची वेळ आली होती. यांच्या हातचं गॅरेज माझ्या डोळ्यांदेखत बंद पडेल, ही धास्ती मला झोपू देत नव्हती. आज बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय. उगाच कशाला खोटं बोलू, फारच बरं वाटतंय.

११ जानेवारी

मागची रंगाची खोली साफ केली. पूर्वी गाड्यांना रंग द्यायची ती जागा. खिडकीच्या फटी मी कागद आणि डिंक लावून बंद केल्या, नाहीतर बाटल्यांत धूळ जायची आणि आमच्या मालात कचरा निघाला म्हणून बोंब व्हायची.

बाटल्या भरायचं काम धाकटीकडे. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. पूर्वी शिवणकाम करायची, हात साफ आहे तिचा. ड्रमच्या नळातून मापात घ्यायचं, नरसाळं लावून भरायचं, झाकण पिळायचं, बाटली पुसायची, लेबल लावायचं. तसं काही डोंगर फोडायचं काम नाही.

वास मात्र विचारू नका. मासळीबाजार आणि डांबर यांचं लग्न लावल्यासारखा.

१४ जानेवारी

धाकटी स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे घालून बसली होती. ते त्या रसायनानं फुगून लिबलिबीत झाले, लेबलं बोटांना चिकटायला लागली आणि एक लेबल सरळ बसेना. मी म्हटलं, काढ गं ते. आमच्या गॅरेजात सगळे जन्मभर पेट्रोलनं हात धुतात. सासरे धूत होते, हे धूत होते, भाऊजी अजून धुतात. कोणाला काही झालं? हात कोरडे पडतात एवढंच, मलम लाव.

"हे पेट्रोल नाहीये ना ताई," ती म्हणाली.

"पेट्रोलातच जायचंय ना? मग पेट्रोलचाच भाऊबंद." तिनं हातमोजे काढले. लेबलं झकास बसली.

२० जानेवारी

माल उचलला जातोय! घाईवाल्यानं त्याच्या मित्रांना सांगितलं, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. एक टॅक्सीवालाही आला होता. भाऊजींनी त्याला परत पाठवलं. "तुझ्या गाडीला टर्बो नाही, खडखड नाही. तुझ्यासाठी हे पाणी आहे." मला चिडच आली. स्वतःहून लक्ष्मीला दार दाखवायचं म्हणजे काय? पण खरं बोलणारा मेकॅनिक म्हणूनच लोक विश्वास ठेवतात, हेही आहेच. दुसऱ्या एकानं एकाऐवजी तीन बाटल्या ओतल्या आणि आता गाडी खोकते म्हणून भांडायला आला. भाऊजींनी त्याला समजावलं, औषध आहे हो, सरबत नाही.

धाकटीचं डोकं दुखतंय. रोजच दुखतं. जरा दोन पेट्या जास्त भर म्हटलं की कपाळाला हात. मी भाऊजींना म्हटलं, "हिचं ऑक्टेन कमी आहे बघा. थोडा दाब आला की खडखड." भाऊजी हसले. तीसुद्धा हसली, पण उशिरा.

२५ जानेवारी

आज माझं डोकंच फिरलं. धाकटी ओठांना काहीतरी लावून आली होती, जांभळट राखाडी. म्हटलं, हा कुठला रंग? त्या कोंदट खोलीत ड्रमसमोर कोणासाठी नटायचंय?

"ताई, मी काही लावलेलं नाही."

"मग मला काय रंग कळत नाहीत?"

तिनं रुमालानं ओठ पुसले. खूप जोरानं पुसले आणि रुमाल मला दाखवला. रुमाल पांढराच होता. असेल काहीतरी न निघणारं, हल्ली मिळतं तसलं. तोंडावर खोटं बोलायचं म्हणजे कमाल आहे. मी दिवसभर बोलले नाही तिच्याशी.

२९ जानेवारी

थंडी कडाक्याची आहे. धाकटीची नखंसुद्धा निळी पडलीत थंडीनं. म्हणजे ओठांचंही तेच असणार. मी उगाच बोलले त्या दिवशी. पण आता काय, बाण सुटला तो सुटला. जुनं स्वेटर काढून दिलं तिला.

२ फेब्रुवारी

धाकटी माहेरी गेली, तिच्या वडिलांना बरं नाही. बाटल्या कोण भरणार? आज मीच बसले. संध्याकाळी असं डोकं धरलं की दिवा नकोसा झाला. चष्म्याचा नंबर वाढला असणार. उद्या भाऊजींनाच भरायला सांगते. त्यांच्या दोन पेट्या भरून होतात तोवर ते तीनदा बाहेर गाडीकडे पळतात, पण चालेल.

७ फेब्रुवारी

आली परत. आणि काय सांगू, गालांवर लाली, डोळ्यांत तेज, भरलेली पेटी एकटीनं उचलून नेली! वडील बरे आहेत म्हणाली. आईनं केसांना तेल लावलं, भावानं खिजवलं, सगळं हसून सांगत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला माहेर नाही. आई-वडील लहानपणीच गेले, आत्यानं वाढवलं, आणि आत्याही लग्न लावून मोकळी झाली. माहेरी जाऊन अशी तुकतुकीत होऊन यायची सोय मला कधी नव्हती. जळले मी. लिहायला काय लाजायचं.

१० फेब्रुवारी

घ्या. तीन दिवस नाही झाले तर बाईसाहेब पुन्हा मरगळल्या. माहेरी ठणठणीत आणि सासरी पाय ठेवला की आजारी! मी काय दूधखुळी आहे का? जगाला दाखवायचं, बघा, जाऊ कशी छळते. आज म्हणते, "ताई, त्या खोलीची खिडकी उघडू या का? आत जीव घाबरा होतो."

"आणि धूळ गेली बाटलीत तर? तुझी नाटकं पुरे."

गप्प बसली. गप्प बसली की मला जास्त राग येतो. भांडली असती तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी

मोठी बातमी. घाईवाल्याचा गाड्या पळवायचा क्लब आहे. त्यांची शर्यत महिनाअखेरीला आहे आणि सगळ्यांना आमचाच माल हवाय. आजवर भरल्या नाहीत इतक्या पेट्या! भाऊजींनी आज घाईवाल्याच्या इंजिनाचा प्लग काढून भिंगाखाली धरला. प्लगच्या टोकाचा रंग बघून इंजिनाच्या पोटातलं सगळं सांगतात ते. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असला तर इंजिन तापतंय. हा हलका तपकिरी होता. "वहिनी, याहून चांगली तब्येत नसते," म्हणाले. धाकटी बाजूला उभी होती, भिंतीला टेकून.

गॅरेज वाचलं. यांच्या फोटोसमोर उभी राहून मी मोठ्यांदा सांगितलं, वाचलं बरं का.

१६ फेब्रुवारी

आज मी खुळ्यासारखी हसतेय.

धाकटी जिना चढून आली आणि वरच्या पायरीवरच बसली. धाप लागलेली. "ताई, छाती भरून येते. चक्कर येते. सकाळी पोटात ढवळतं." मी तोंड उघडलं होतं बोलायला आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. चक्कर, मळमळ, धाप, थकवा! अगं बाई! इतक्या वर्षांत या घरात पाळणा हलला नाही, आणि मी मूर्ख बाई तिला नाटकी म्हणत बसले!

मी काही विचारलं नाही. अशा गोष्टी ज्याच्या त्यानं सांगायच्या. दिवस नुकतेच गेले असतील, खात्री झाली की सांगेल आपणहून. पण तिचा हात धरून मी तिला उठवलं, पलंगावर बसवलं, दूध गरम करून दिलं. म्हटलं, "बाळ, आजपासून तू जिना चढायचा नाहीस. स्वयंपाक माझ्याकडे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. माझेही आले. लग्न होऊन आल्यापासून मी हिच्याशी कधी अशी बोललेच नव्हते, हे मला तेव्हाच कळलं.

१७ फेब्रुवारी

सगळं नवीन लावून दिलं. धुणं नको, झाडलोट नको, पेट्या उचलणं नको. फक्त बसून करायचं काम: बाटल्या भरायच्या. त्या खोलीत माझी स्वतःची हातांची खुर्ची नेऊन ठेवली, पाठीला उशी दिली. दाराखालून गार वारा येत होता, तिथे जुनी गोणी दुमडून लावली. आता बसू दे निवांत. दोन्ही वेळा दूध मी स्वतः नेऊन देते, तिथेच, तिला उठावं लागू नये म्हणून.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, काय झालंय काय तुम्हाला?" म्हटलं, बायकांच्या गोष्टीत नाक खुपसू नका. त्यांना बिचाऱ्यांना अजून काहीच माहीत नाही!

२० फेब्रुवारी

धाकटी जेवत नाही, पण दूध पिते. मी दिलेलं कधी परत पाठवत नाही. आज तिच्याजवळ बसून लेबलं लावत होते, तर म्हणाली, "ताई, तुम्ही आत्याकडे वाढलात ना? आत्या कशी होती?" इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नाही. मी बोलत सुटले. आत्या कशी ओरडायची, माझी फणी कशी लपवून ठेवायची, सगळं. ती ऐकत होती, हसत होती आणि भरत होती. चेहरा ओढलेला दिसतो. पहिल्या महिन्यांत असं होतंच म्हणतात.

माझंही डोकं दुखतंय, पण मन इतकं हलकं आहे की दुखो.

२२ फेब्रुवारी

ऑर्डरची शेवटची पेटी राहिली. दुपारी तिच्या हातून माप निसटलं आणि सगळं मांडीवर सांडलं. साडी चिंब झाली. मी म्हटलं, जा, बदलून ये. ती म्हणाली, "एवढी पेटी संपवते ताई, उठलं की गरगरतं." मी फडक्यानं पुसून घेतलं आणि गारठू नये म्हणून वरून माझी शाल गुंडाळली, चांगली घट्ट.

भाऊजी हाका मारतायत. जाते.

२३ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर वेड लागेल.

काल भाऊजींनी हाक मारली ती तिच्यासाठी. ती खुर्चीतच कलंडली होती. चेहरा दगडी पाटीसारखा राखाडी. ओठ, कान, नखं, सगळं निळंकाळं. भाऊजींनी उचलून गाडीत घातली. घाईवाल्याचीच गाडी होती, अंगणात तीच उभी होती.

इथे ऑक्सिजन लावला. बोटाला यंत्र लावलं, त्याचा आकडा जागचा हलेना. इतका ऑक्सिजन देऊनही रंग बदलेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, आणि मी ते बघितलं. तांबडं नव्हतं. तपकिरी होतं, जळक्या तेलासारखं. बाईंनी ते पांढऱ्या कागदावर टाकून बराच वेळ बघितलं.

मी म्हटलं, "बाई, ती दोन जिवांची आहे."

त्यांनी तपासायला सांगितलं. मग आल्या आणि म्हणाल्या, "नाही. तसं काहीही नाही. ही काय काम करते?"

"घरकाम," भाऊजी म्हणाले.

"रंग? रसायन? कारखाना? नीट आठवा. हे रक्त कशानं तरी बिघडलंय, आणि कशानं ते मला लवकर कळायला हवं."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे परवाना नाही, कागद नाही, काही नाही. सांगितलं की गॅरेजला कुलूप, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते खरं लिहिते. आधी गॅरेज आलं. यांनी स्वतः रंगवलेली गॅरेजची पाटी आली. धाकटी नंतर आली. फार नंतर नाही, पण नंतर.

मग मी सांगितलं. "पेट्रोलात घालायचं औषध भरते ती. दिवसभर. बंद खोलीत. उघड्या हातांनी. आज अंगावर सांडलंय."

"अंगावर? आणि कपडे?"

"तेच आहेत. वर शाल आहे."

बाई माझ्या तोंडाकडे बघत मागच्या मागे धावल्या. आतून ओरडा ऐकू आला, कात्री आणा, सगळं काढा, साबणानं धुवा.

त्यात काय आहे विचारलं, तर आम्हाला नावसुद्धा माहीत नाही! मी रसायनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, असला माल मी विकतच नाही, आणि फोन ठेवला. मी भाऊजींना गॅरेजकडे पिटाळलं. ते एक बाटली पिशवीत गुंडाळून घेऊन आले. बाईंनी झाकण जरासं सैल केलं, लांबूनच वास घेतला आणि लगेच बंद केलं. म्हणाल्या, "ॲनिलीन म्हणून विषारी रसायन असतं, त्या जातीचं दिसतंय. हे कातडीतून आत जातं. श्वासातूनही. रक्त शरीराला प्राणवायू देईनासं होतं. माणूस हवेत बसून गुदमरतो."

मग एक इंजेक्शन दिलं. गडद निळं, शाईसारखं. निळ्या पडलेल्या माणसाला निळं औषध! मी काचेतून बघत होते. आधी काहीच झालं नाही. मग कानाच्या पाळ्या, मग ओठ. हळूहळू तांबूस झाले.

बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हिला आधीपासून त्रास असणार. कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

माझ्या सगळं लक्षात आलं होतं. ओठ, नखं, डोकं, धाप, सगळं बघितलं होतं मी. या वहीत लिहिलंय. एकाही दिवसाचं चुकलेलं नाही.

२६ फेब्रुवारी

जीव वाचला, पण पुन्हा एकदा इंजेक्शन द्यावं लागलं. अंगात मुरलेलं बाहेर यायला वेळ लागतो म्हणे.

सरकारी माणसं आली, ड्रम आणि पेट्या नेल्या, गॅरेजला सील ठोकलं. जाताना त्यांच्यातल्या एकानं खिडकीच्या फटींवरचा कागद फाडून बघितला आणि विचारलं, "हे कोणी लावलं?" मी म्हटलं, मी.

दिवसभर फोन करत होते. ज्यांनी ज्यांनी बाटल्या नेल्या त्या सगळ्यांना. उघडू नका, हाताला लावू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका, आम्ही घ्यायला येतो. घाईवाला म्हणतो, "पण वहिनी, गाडी तर एक नंबर चालतेय हो!" मी म्हटलं, गाडी चालतेच आहे. त्याला काय कळलं कोण जाणे. पण शर्यतीच्या सगळ्या बाटल्या संध्याकाळी तोच परत घेऊन आला, जाड हातमोजे घालून.

भाऊजी माझ्याशी भांडतील असं वाटलं होतं. भांडले नाहीत. अंगणात उकिडवे बसले होते. म्हणाले, "मिसळलं मीच ना वहिनी. प्लगचा रंग मी भिंग लावून बघितला. आणि ही रोज समोर बसून जेवत होती." मला वाटलं पाठीवर हात ठेवावा, पण ठेवायला हात उचलेना.

१ मार्च

आज तिला साध्या खोलीत आणलं. उशीला टेकून बसली होती. आई येऊन गेली होती तिची, वेणी घालून गेली होती. मी आत गेले आणि दारातच उभी राहिले. तीच म्हणाली, "बसा ना ताई."

मी घोकून आले होते. माफ कर, चुकलं, असं बरंच. पण तोंडातून भलतंच निघालं. "तुला कळत नव्हतं का गं? त्या खोलीनं होतंय हे?"

"कळत होतं."

मी खुर्ची ओढून तिच्या पलंगाजवळ बसले.

"माहेरी गेले की बरं वाटायचं, खोलीत बसलं की पुन्हा तेच. एवढं कळायला काय लागतं ताई? मी खिडकी उघडा म्हटलं होतं ना."

"मग नंतर का बोलली नाहीस? पुन्हा सांगायचंस, ओरडायचंस, भाऊजींना सांगायचंस! जीव जात होता तुझा!"

ती चादरीची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

"नंतर तुम्ही खुर्ची दिलीत," ती म्हणाली. "दूध आणून द्यायला लागलात. माझ्याजवळ बसून आत्याच्या गोष्टी सांगायला लागलात. तुम्हाला काय वाटतंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तसं काही नाही, हे मला ठाऊक होतं. पण सांगितलं असतं तर ते सगळं बंद झालं असतं. वाटलं, एवढी ऑर्डर होऊ दे. तोपर्यंत राहू दे असंच. मग सांगू."

मला रडू फुटलं. आवाज दाबायचा प्रयत्न केला, पण दाबला गेला नाही. मी तिच्या पायांवर डोकं टेकलं. म्हटलं, आता कधी म्हणून तुला वाकडं बोलणार नाही. तुझं सगळं मी करीन. घरी चल, फुलासारखं जपते तुला, बाळ.

तिनं पाय हळूच आखडून घेतले. झटकले नाहीत, हळूच घेतले.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "मी आईकडे जाणार आहे. परत यायचं की नाही ते नंतर बघीन. तुम्ही वाईट नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही गोड बोललात की आता मला भीती वाटते."

मी रागावले नाही. डोळे पुसले आणि बरं म्हटलं. मग खुर्ची थोडी मागे सरकवून, तिच्यापासून जरा लांब, तशीच बसून राहिले. भेटीची वेळ संपली तरी मला कोणी उठा म्हणालं नाही.